नुसता मुरगळला आहे!

गेल्या भाद्रपदांत, गौरीजेवणाच्या आदल्या दिवशीं, माळ्यावरचीं पितळी पातेलीं उतरवितांना आमच्या धाकट्या सूनबाईचें पाऊल शिडीच्या शेवटच्या पायरीवरून आंत वळलें. पाहतां पाहतां घोटा सुजला. मीं कोमट तेलानें तो चांगला चोळला, आंबेहळदीचा गरम लेप घातला आणि म्हटलें, "नुसता मुरगळला आहे, उद्यांपर्यंत उतरेल." घरांत पंचवीस पानें व्हावयाचीं होतीं. ती "बरं, आई" म्हणाली आणि दोन दिवस लंगडत वाढीत राहिली.

तिसऱ्या दिवशीं घोट्याभोंवतीं काळेंनिळें झालें. तिला पाऊलहि टेकवेना. डॉक्टरांनीं हाड दाबतांच ती कळवळली, म्हणून क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें. सुदैवानें हाड शाबूत होतें. परंतु बाहेरच्या घोट्याचें हाड पावलाशीं बांधून ठेवणारा अस्थिबंध फाटला होता. पाऊल आंत वळलें कीं बहुधा तोच प्रथम दुखावतो.

डॉक्टरांनीं मला बोल लावला नाहीं. समजावून मात्र सांगितलें. पहिले दोन-तीन दिवस चोळणें व शेकणें वर्ज्य, कारण त्यानें सूज वाढते. विसांवा, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें, बेताचा आवळ पट्टा आणि उशीवर उंच ठेवलेला पाय, एवढें करावें. हाड मोडल्याची शंका केव्हां घ्यावी, याची सोपी कसोटी कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली आहे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोंक दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापत होतांच व पुढें तपासणीच्या वेळींहि चार पावलें टाकवत नसतील, तर छायाचित्र घ्यावें. पावलाच्या मध्यावरील हाड दाबून दुखल्यासहि तेंच.

सूज ओसरूं लागली कीं पाय निजवून ठेवूं नये. हळूहळू हलवावा व पुढें एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. तो न केल्यास तोच पाय पुन्हां मुरगळण्याचा संभव राहतो.

सहा आठवडे स्वयंपाकघर माझ्या मुलानें व मीं सांभाळलें. सूनबाई ओट्याला हात टेकून एका पायावर उभी राही आणि नात मोठ्यानें आंकडे मोजी. एके दिवशीं मीं विचारलें, "अगं, इतकें दुखत होतें, तर बोलली कां नाहींस?"

"तुम्हीच म्हणालांत ना आई, नुसता मुरगळला आहे म्हणून."

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. म्हणूनच तें मला अधिक लागलें. यंदा पातेलीं सणाच्या आठ दिवस आधीं मुलाकडून उतरवून घेणार आहें.