पाठ केलेली कलमं

१ जुलै २०२४ पासून देशातले तीन फौजदारी कायदे बदलले, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आपल्या तोंडातला 'चारसोबीस' बेवारस झाला, कारण नव्या संहितेत कलमंच ३५८! आणि '३०२' म्हणजे आता खून नव्हे, धार्मिक भावना दुखावणं.

माझा एक विद्यार्थी तालुक्याच्या कोर्टात आरोपींची वकिली करतो. म्हणाला, "बाई, पूर्वी कलमं झोपेतही आठवायची." मी म्हटलं, "मग जुनं पुस्तक रद्दीत घाल." तर म्हणतो, "तेही जमत नाही. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं. दोन्ही पुस्तकं घेऊन फिरतो."

कलमं काय, होतील पाठ. त्याची खरी काळजी वेगळी आहे. पूर्वी पोलीस कोठडी जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सुरुवातीच्या पंधरवड्यातच. आता तेच १५ दिवस तुकड्यातुकड्याने, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येतात. वकील जामीन मागायला उभा राहिला की, 'अजून कोठडी हवी आहे' हे उत्तर तयार. तेवढ्याच कारणावरून जामीन नाकारू नये, असंही नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलंय. पण ते दाखवून द्यायला कुणीतरी उभं राहायला हवं ना?

चांगलंही आहे बरं का. झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत, आणि अंगावर एकाहून जास्त खटले असले तरी हा लाभ नाही.

मला सगळ्यात विचारात पाडलं ते फरारी घोषित झालेल्या आरोपीच्या खटल्याने. तो आता आरोपीच्या गैरहजेरीतही चालवता येतो. त्याचा वकील नसेल तर सरकारी खर्चाने दिला जातो. म्हणजे ज्याचा चेहरा पाहिला नाही, ज्याची हकिकत ऐकली नाही, त्याची बाजू मांडायची! फरारी माणसामुळे फिर्यादीने वर्षानुवर्षं ताटकळावं, हेही बरोबर नाही. तरीपण...

वर्गात खडू कुणी फेकला विचारलं की पन्नास बोटं एकाकडेच वळायची. तरी त्याला उभं करून "तू सांग" म्हणावंच लागायचं. कधी त्यानेच फेकलेला असायचा, कधी नसायचा. पण न ऐकता छडी मारली, तर ती सगळ्या वर्गाला लागते.

लोक वकिलांना विचारतात, "चोरांची बाजू कशी घेता हो?" मला वाटतं, ते चोराची नाही, "तू सांग" या दोन शब्दांची बाजू घेतात. कायदा नवा असो की जुना, हे दोन शब्द त्यात शिल्लक राहिले पाहिजेत. तुम्हाला काय वाटतं?