जुना कोबा

सिमेंट कडक होताना काही पाणी त्याच्याशी बांधले जाते. उरलेले हळूहळू उडून जाते आणि मागे अतिशय बारीक नळ्यांचे जाळे राहते. वरून गुळगुळीत दिसणारा वर्कशॉपचा कोबा त्यामुळे आतून सच्छिद्र असतो. तो तेल पितो, जमिनीची ओल वर ओढतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले लेथचे गाळे असोत की इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या शेड, जुन्या कोब्यांची घडण साधारण एकसारखी: चोपलेला मुरूम, दगडांचे सोलिंग, त्यावर काँक्रीट आणि शेवटी थापीने घोटाई. हेळसांड होते ती नेमकी या शेवटच्या टप्प्यात. काँक्रीटवर पाणी तरंगत असतानाच ते टिपायला कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले, तर चकाकी लगेच येते; पण वरची साय कच्ची राहते. मातीचे बांध घालून निदान 7 दिवस पाणी साठवायचे, तेही घाईत टळले, की रोज झाडूनही पांढरट धूळ संपत नाही. ती बाहेरून येत नसते. कोबाच झिजत असतो.

पुढची वर्षे या जमिनीवर उमटत जातात. लेथसमोर कामगार उभा राहतो ती जागा पावलांनी गुळगुळीत होते, ऐरणीभोवती खळगे पडतात, कटिंग ऑइल मुरून काळे डाग बसतात. मशीन हलवले तरी फाउंडेशन बोल्टांच्या खुणा राहतात. रिकाम्या शेडमध्येही कोणते काम कुठे चालायचे, हे जाणत्या माणसाला त्यावरून सांगता येते. इतकी मेहनत सोसलेला कोबा फोडून फेकण्याआधी वाचवायचा प्रयत्न झालाच पाहिजे. पुष्कळदा बिघाड वरच्या काही मिलिमीटरांतच असतो.

बिघाड शोधताना कोब्यावर हातोडीने ठोकत गेले की सुटलेला भाग पोकळ वाजतो. तो काढून भरावा लागतो. पाण्याचे थेंब टाकल्यावर शोषले गेले तर नळ्या उघड्या आहेत. तसेच राहिले तर तेल मुरलेले आहे किंवा जुन्या सीलरचा थर आहे. ओलीसाठी दीड फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून किमान 16 तास ठेवतात. खाली पाणी जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल वर येते आहे. मे महिन्यात कोरडा निघालेला कोबा जुलैत ओला निघू शकतो, म्हणून ही परीक्षा पावसाळ्यात घेणे उत्तम.

तेल काढताना अनेक जण अ‍ॅसिड ओततात. अ‍ॅसिड सिमेंटला खाते, तेलाला नाही. तिथे डिग्रीझर, गरम पाणी आणि चिकाटीची घासाई लागते. त्यानंतर डायमंड ग्राइंडरने कच्चा थर उतरवायचा. या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी किंवा व्हॅक्यूम आणि योग्य मास्क यांच्याशिवाय मशीन सुरूच करू नये. हलत्या भेगांत लवचिक सीलंट भरतात, स्थिर भेगांत इपॉक्सी.

सीलिंगचे दोन मुख्य मार्ग आहेत. इपॉक्सीचा थर कोब्यावर बसतो. तेल, कूलंट अडवतो आणि दिसायला देखणा असतो. पण जुन्या कोब्याखाली बहुधा प्लास्टिकचा पडदा नसतो. खालून आलेली ओल अडली, की थराला फुगे येतात आणि तो सुटतो. डेन्सिफायर मात्र आत शिरतो: सोडियम किंवा लिथियम सिलिकेट काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून सिमेंटला ताकद देणाऱ्या पदार्थासारखाच पदार्थ तयार करते. पृष्ठभाग कडक होतो, धूळ थांबते, ओलीची वाफ निघायला वाट राहते. तेलाचे डाग तो पूर्ण रोखत नाही. त्यासाठी वरून वाफ जाऊ देणारे, तेल झिडकारणारे सीलर लागते. पावसाच्या प्रदेशातल्या जुन्या शेडसाठी तरीही डेन्सिफायरचाच मार्ग योग्य. इपॉक्सी लावायचीच असेल, तर ओल चालणारा प्रायमर आधी हवा, आणि निसरडेपणा टाळायला वर क्वार्ट्झची वाळू.

डेन्सिफायर ओला असेपर्यंत पसरवत राहतात आणि जास्तीचा पुसून काढतात. वाळून राहिलेले पांढरे डाग नंतर सहज निघत नाहीत. असा कोबा पुढे साध्या सौम्य साबणाने धुवावा, बाथरूमचे अ‍ॅसिड त्यावर कधी ओतू नये आणि सांडलेले तेल त्याच दिवशी टिपावे.