आठ घरांचा शब्द

जयपूरच्या बापूनगरमधल्या त्या घरात रोज सकाळी सात वाजता एक नियम पाळला जाई. चहाचा कप खाली ठेवला की आजोबा इंग्रजी वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेत, कानामागची पेन्सिल काढत आणि शब्दकोडं पुरं होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलत नसे. आजी तर नाहीच. लग्न होऊन ती साताऱ्याहून थेट त्यांच्या रेल्वेच्या नोकरीच्या या गावी आली, हिंदी शिकली, दाल-बाटी शिकली. पण इंग्रजी मात्र मराठी शाळेतल्या मॅट्रिकपुरतंच राहिलं. सुरुवातीला एकदोनदा तिने विचारलं होतं, "एवढं काय शोधताय?"

"तुला नाही कळायचं."

त्या उत्तरात राग नव्हता. पण न रागावता म्हटलेली अशी वाक्यंच घरात जास्त टिकतात. हे तर चाळीस वर्षं टिकलं.

मग आजोबांचे डोळे गेले. गेले म्हणजे अंधार झाला नाही. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला, असं डॉक्टरांनी सांगितलं. या दुखण्यात कडेचं दिसत राहतं, पण नजर रोखावी तिथेच डाग येतो. माणूस घरभर न धडपडता फिरतो. हरवतात ते समोरच्याचा चेहरा आणि छापील अक्षर. आजोबांनी महिनाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही. पेपर घेऊन तसेच बसत. आजीला कळलं ते रद्दी बांधताना. कोड्यातली अक्षरं रेषांवर चढली होती आणि पुढच्या काही दिवसांचे चौकोन तर कोरेच होते.

त्यानंतर पेपर घडी न मोडताच टेबलावर पडू लागला. आजोबा सकाळीच पुन्हा अंथरुणावर जाऊन पडत. पंधरा दिवस आजीने हे पाहिलं. एका सकाळी ती चष्मा लावून त्यांच्याजवळ गच्चीतल्या उन्हात बसली आणि म्हणाली, "मी वाचते. तुम्ही सांगा."

पहिला आठवडा दोघांनाही जड गेला. तिचे उच्चार ऐकून ते चिडत. शेवटी तिने तोडगा काढला, अवघड शब्द वाचायचाच नाही, एकेक अक्षर सांगायचं. तरीही उत्तरं बसेनात. सहा घरांच्या शब्दाला तिच्याकडे घरं उरायची. कारण सापडलं तेव्हा आजोबा कितीतरी दिवसांनी हसले. ती सी आणि एच एकाच घरात लिहीत होती! मराठी कोडं सोडवणाऱ्याला यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्याकडे काना, मात्रा, जोडाक्षर सगळं एकाच घरात नांदतं. 'जयपूर' मराठीत चार घरांत मावतं, इंग्रजीत त्याला सहा लागतात.

मग आजोबा शिकवू लागले. प्रश्न अनेकवचनी असेल तर शेवटच्या घरात बहुधा एस येतो. क्यूच्या मागोमाग बहुतेक वेळा यू असतो. ई सर्वांत जास्त वेळा येतं. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून १९३८ मध्ये एक खेळ बनवला, तोच पुढे 'स्क्रॅबल' झाला. त्याच्या शंभर ठोकळ्यांत ई बारा आहेत, जे, क्यू आणि झेड प्रत्येकी एकच. शब्दकोडं त्याहून जुनं. आर्थर विन याने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात ते पहिल्यांदा छापलं २१ डिसेंबर १९१३ ला.

ही माहिती आजीने ऐकून घेतली, पण तिची खरी अडचण वेगळीच होती. डिक्शनरी पहिल्या अक्षरावर चालते. पाच घरं, तिसरं क्यू, पहिल्याचा पत्ता नाही, असा शब्द डिक्शनरीत शोधायचा म्हणजे गव्हाच्या पोत्यात मोहरीचा दाणा. म्हणून तिने एका जुन्या डायरीत स्वतःचाच कोश सुरू केला. पहिल्या अक्षरावर नाही, तर घरांवर आणि अडलेल्या अक्षरावर. स्वयंपाकघरातले डबे लावावेत तसे तिने शब्द लावले. डायरी भरताना तिला नवल वाटलं ते असं की यातले किती तरी ओळखीचे! 'फकीर' क्यू घालूनही लिहितात, म्हणजे पाच घरं, तिसरं क्यू, झालं काम. 'बाजार'मध्ये झेड, सहा घरं. 'जंगल' आणि 'पायजमा' जेच्या पानावर.

एका सकाळी कोडं एकाच शब्दावर अडलं. नागाशी झुंजणारा प्राणी, आठ घरं, तिसरं एन, सहावं ओ, शेवटचं ई.

"जिभेवर आहे," आजोबा म्हणाले. पण येईना. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं कुणाची मदत घेतली नाही, त्याला एक साधा शब्द आठवेना. त्यांचा हात मांडीवर कापू लागला. "जाऊ दे. डोळे गेले, आता डोकंही चाललं."

"अहो, पण हे तर मुंगूस," आजी चाचरत म्हणाली. "आमच्या मळ्यात असायचं." तिने घरं मोजून पाहिली, तिच्या हिशेबाने सहाच भरत होती.

आजोबा ताठ बसले. "मंगूस! एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस, ई. लिही, लिही!"

ते आठ घरांत चपखल बसलं. नावात एवढं साम्य कसं, म्हणून तिने डिक्शनरी उघडली. शब्दापुढे कंसात, बारीक टाइपात, तो मूळचा कोणत्या भाषेतला ते दिलं होतं: मराठी. तिने ते मोठ्याने वाचलं. आजोबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे हा तुझ्याकडचाच निघाला की."

२०२२ च्या सुट्टीत पुण्याची नात आली, तिने फोनवरचं 'वर्डल' दाखवलं. पाच अक्षरी शब्द, सहा संधी. शिवाय अडलेल्या घरांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकली की क्षणात सगळे शब्द ओळीने दाखवणारी सोयही दाखवली. आजीने ती यादी बोटाने वर सरकवत शेवटपर्यंत पाहिली. डायरी भरायला आपल्याला दोन वर्षं लागली, एवढंच ती म्हणाली. डायरी मात्र गच्चीवर येणं थांबलं नाही.

परवा थंडी चांगलीच होती. आजोबा शालीत गुरफटून उन्हाकडे पाठ करून बसले होते आणि शेजारच्या कठड्यावर मोर पिसं साफ करत होता.

"पुढचं?"

"पाच घरं. कपडे धुणारा. दुसरं एच."

आजोबांनी डोळे मिटले. डायरीच्या एचच्या पानावर 'धोबी' होता आणि आजीला ते पान पाठ होतं. तिने पेन्सिल कागदावर टेकवली नाही. चहाचा कप त्यांच्या हाताजवळ सरकवला आणि मोराकडे पाहत बसली.