पुण्याच्या छावणीतला मॉर्मन

चांदे, तालुका मुळशी

रा. रा. सदाशिवराव यांस,


मुळशीच्या भातखाचरांत बसून अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची उठाठेव मी कशाला करतो, असे आपण गेल्या पत्री विचारलेत. कारण इतकेच की, पेशवाई बुडून चौतीस वर्षे झाली असता त्या पंथाचा एक प्रचारक या मुलखात उतरला, आणि आपल्या इतिहासकारांनी त्याची साधी दखलही घेतली नाही.

ह्यू फिंडले हा तो प्रचारक, मूळचा स्कॉटलंडचा. 1852 च्या सप्टेंबरात तो मुंबईस आला तेव्हा, पंथाचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांनी 1847 साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसवलेली जी संतांची नगरी तो लोकांना वर्णून सांगणार होता, ती त्याने स्वतः पाहिलेलीच नव्हती. त्यातच, त्याच्या आगमनाच्या अवघे काही दिवस आधी तिकडे बहुपत्नीकत्वाचा सिद्धांत उघडपणे जाहीर झाला. ते वर्तमान यथावकाश इकडे पोहोचले आणि मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांना व अन्य पाद्र्यांना आयतेच कोलीत मिळाले. ज्या देशात जनानखाने बाळगणाऱ्या संस्थानिकांशी कंपनी सरकार बिनतक्रार तहनामे करीत होते, तेथे हा सोवळेपणा मला जरा मौजेचाच वाटतो.

पुण्यास रेल्वे आली ती पुढे 1858 साली, त्यामुळे बोरघाट चढूनच तो पुणे गाठता झाला. ज्या सरकारने 1852 च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला, त्याच सरकारच्या लष्करी अंमलदारांनी त्या सुमारास फिंडलेला छावणीत राहण्यास मज्जाव केला. गोऱ्या शिपायांत फितवा माजेल, ही धास्ती! मग छावणीबाहेर बिऱ्हाड करून त्याने मूठभर अनुयायांची एक शाखा उभी केली, आणि 1855 साली मराठ्यांना उद्देशून खऱ्या ईश्वराविषयी एक पुस्तिका मुंबईत छापविली.

त्याला अपयश का आले? इतर मिशनांपाशी शाळा, छापखाने व तनखे होते, आणि त्यांच्याकडे 1854 साली बेळगावी बाबा पदमनजींसारखा विद्वान बाप्तिस्मा घेता झाला. फिंडलेपाशी ना पगार, ना शाळा. तथापि माझ्या मते खरी अडचण निराळीच होती. धर्म स्वीकारून श्रद्धाळूंनी सॉल्ट लेककडे कायमचे निघून यावे, अशी त्या पंथाची तेव्हाची शिकवण. ज्या कुणब्याचे वतन, शिवेवरचा म्हसोबा आणि पितरांचे श्राद्ध एकाच मातीत रुजलेले, त्याला ती कशी पटावी? आमचा वारकरी पंढरीस जातो तो काला घेऊन पेरलेल्या शेताकडे परतण्यासाठी.

1855 साली फिंडलेने मुंबई सोडली, समुद्रमार्गे अमेरिका गाठली, आणि पुढे बेअर लेकच्या काठी फिश हेवन या वसाहतीत नांगर धरून तो स्थायिक झाला. उपदेशक म्हणून इकडे हरलेला हा गृहस्थ वसाहतकार म्हणून तिकडे टिकला. 1900 साली तो तेथेच वारला.

आपले एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाणे असते. जुन्या चोपड्यांत 1855 ची ती पुस्तिका हाती लागल्यास तिची नक्कल करवून मजकडे अवश्य धाडावी. नकलेचा खर्च मी मनिऑर्डरीने पाठवीन.