मुक्या नोंदी

प्रोग्राम चालतांना कोठवर आला हें कळावें म्हणून त्यांत जागोजागीं दोषशोधनाच्या, म्हणजे डिबगच्या, नोंदी पेरून ठेवण्याची चाल आहे. आमच्या पुतण्यानें एका वसतिगृहाच्या प्रवेशअर्जांसाठीं पायथॉनमध्यें संकेतस्थळ रचलें. मुदतीस दोन दिवस उरले, तों कांहीं अर्ज यादींत येईनात; आणि पाहावें तर नोंद एकही नाहीं! 'तो भाग चालतच नसेल,' असें पुतण्या म्हणे. सूनबाईंस तें पटेना. पायथॉनमध्यें डिबगची पायरी १०, वॉर्निंगची ३०. निराळें न सांगितल्यास ३० खालचें सारें गाळलें जातें. पुतण्यानें 'बेसिककॉन्फिग'नें पायरी १० वर आणिली होती खरी. परंतु मूळ लॉगरास कोणीं आधींच हँडलर जोडला असल्यास ही आज्ञा कांहींच करीत नाहीं, आणि तसें सांगतही नाहीं. असल्या मौनाचें आम्हांस मुळींच कौतुक नाहीं. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून तींत 'फोर्स' घालतां येतें; त्यानें जुना हँडलर निघून नवी आज्ञा लागू होते. सूनबाईंनीं तें घातलें, तशा नोंदी भराभर उमटल्या. वडिलांच्या नांवाचा रकाना रिकामा असलेला प्रत्येक अर्ज वाटेंतच बाजूस पडत होता. असे अर्ज अकरा निघाले. त्याच रात्रीं ते यादींत घेतले.