ढील द्यायची नाही

पतंग उडवलेल्या माणसाला हे विमान शिकवणं अवघड जातं, असं बाबांचं ठाम मत आहे. पतंगाला ढील दिली की तो वर चढतो. या विमानाला ढील मिळाली की ते तुमचं ऐकेनासं होतं, आणि जमीन काही फार लांब नसते.

‘कंट्रोल लाइन’ म्हणतात याला. रिमोट नाही, अँटेना नाही. डाव्या पंखाच्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि तुमच्या मुठीतल्या हँडलला येऊन मिळतात. विमान तुमच्याभोवती गोल फिरतं, त्याच्याबरोबर तुम्हीही फिरता. वरची तार ओढली की नाक वर, खालची ओढली की नाक खाली. सगळं काम मनगटाचं. डावी-उजवीकडे वळायची सोयच नाही, तरी तेवढ्यावर लूप, उलटं उड्डाण, आडवा आठ, उभा आठ असं सगळं करता येतं. तारांच्या लांबीएवढा एक अर्धा घुमट तुमच्या डोक्यावर असतो, तेवढं आकाश तुमचं.

हा प्रकार लोकप्रिय केला अमेरिकेतल्या जिम वॉकर यांनी, १९४०च्या सुमारास. पुढे त्यांच्या पेटंटवरून कोर्टकज्जे झाले आणि ओबा सेंट क्लेअर नावाच्या माणसाने त्यांच्या आधीच, १९३७मध्ये, असं विमान उडवल्याचं पुढे आलं. आपल्याकडे ते टिकलं मुख्यतः एनसीसीच्या एअर विंगमुळे. वायुसैनिक कॅम्पमधल्या एरोमॉडेलिंगच्या स्पर्धांत कंट्रोल लाइन असते. बाबा कॉलेजात असताना तिथेच शिकले. त्यांच्या आठवणीत त्या दिवसांना एक वास आहे: इथर, रॉकेल आणि एरंडेल. छोट्या डिझेल इंजिनांचं इंधन म्हणजे या तिघांचं मिश्रण. आमच्या माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्याला तो अजून येतो, असं ते म्हणतात. मला फक्त गंजाचा येतो.

तीन वर्षांपूर्वी बाबांना चक्कर यायला लागली. कानाच्या आतलं काहीतरी, असं निदान झालं. गोळ्या, मानेचे व्यायाम, आणि एक सूचना: गर्रकन वळायचं नाही. आता बारा मीटरच्या तारांवर आमच्यासारखं छोटं विमान साधारण चार सेकंदांत एक फेरी मारतं. पाच मिनिटांच्या उड्डाणात सत्तरेक गिरक्या. डॉक्टरांना हे विचारायची गरजच नव्हती. घरात कोणी काही बोललं नाही, पण वाटणी ठरून गेली. बांधायचं दोघांनी, उडवायचं मी. मागच्या हिवाळ्यात एका जाड्याभरड्या सरावाच्या विमानावर मी सरळ फिरायला आणि उतरवायला शिकले होते. नजर विमानावरच ठेवायची, मागच्या इमारतींवर गेली की पोटात ढवळतं, हेही शिकले होते. या वेळचं मात्र कसरतींचं होतं.

डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत विमान बांधायचं म्हणजे जेवणाचं टेबल जूनपासून बाद. ऐंशी सेंटिमीटरचा पंख, बाल्साच्या पातळ फासळ्या. फासळी वरून आणि खालून सारखीच फुगीर, कारण उलटं झाल्यावरही पंखाने तेवढंच उचलायला हवं. बाबांचा एकच हट्ट होता, पीळ नको. पंख डोळ्यासमोर आडवा धरायचा आणि मागची कड स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेघेशी जुळवून बघायची. आई भाकऱ्या करत असताना तिच्या पायांशी आम्ही दोघं एक डोळा मिटून उभे.

कागद चढवला आणि डोपचा हात द्यायची वेळ आली ती ऐन जुलैत. डोप म्हणजे कागद ताणून घट्ट करणारं एक प्रकारचं वॉर्निश. त्यातला द्रव इतक्या भराभर उडतो की पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असली तर त्यावर पाणी धरून पांढरे डाग पडतात. आणि आमच्याकडे जुलैत पापडसुद्धा ताठ राहत नाहीत. बाबांनी काम थांबवलं. पंख कपाटावर, वर्तमानपत्राखाली, थेट ऑक्टोबरपर्यंत. मी ऐरोलीच्या ऑफिसातून येऊन रोज एकदा तो काढून बघायचे. वाट पाहण्यात मला काही थोर वाटत नाही, पण दुसरा इलाज नव्हता.

या विमानात बरंच काही फक्त तारा ताठ राहाव्यात म्हणून केलेलं असतं. मोटर किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेली. आतला पंख बाहेरच्यापेक्षा जरासा लांब. बाहेरच्या टोकात शिशाचा तुकडा. आम्ही गळाला लावायचं शिसं वापरलं, खाडीकाठच्या गावात ते सहज मिळतं. आमचं विमान भरलं साडेतीनशे ग्रॅम. ताशी पासष्ट किलोमीटरच्या वेगाने बारा मीटरच्या वर्तुळात ते फिरलं की हाताला जवळपास एक किलोची ओढ बसते. तारा पंखाच्या पोटातल्या ज्या छोट्या तरफेला जोडलेल्या असतात, ती एकदा कागदाआड गेली की पुन्हा दिसत नाही. म्हणून उडवण्याआधी ओढून बघायचं. स्पर्धांमध्ये वजनाच्या दहापट ओढ देतात. बॅगा तोलायचा हातकाटा हँडलला अडकवून बाबांनी मला साडेतीन किलोपर्यंत ओढायला लावलं. स्वतः विमान पोटाशी धरून उभे. काही तुटलं नाही.

खरी अडचण मैदानाची. बारा मीटर तारा, वर थोडी मोकळी जागा, म्हणजे तीसेक मीटर व्यासाचं वर्तुळ. फार नाही हे. पण वर उच्चदाबाच्या वाहिन्या नकोत, जवळपासही नकोत. हातात धातूच्या तारा असतात, आणि परदेशात या चुकीने माणसं गेली आहेत. कळवा आणि पडघा या दोन मोठ्या वीज उपकेंद्रांच्या टापूत राहणाऱ्याने मान वर करून बघावं, मनोरे दिसतातच. भागशाळा मैदानावर सकाळी चालणारे आजी-आजोबा, क्रीडासंकुलात क्रिकेट. त्यांना हटवायचा हक्क आम्हाला कोणी दिला?

कोणीतरी नेवाळीचं नाव काढलं. कल्याणजवळची ती धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. इंग्रजांनी त्यासाठी गावकऱ्यांच्या शेतजमिनी घेतल्या, त्या अजून परत मिळाल्या नाहीत. जून २०१७मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, गोळीबार झाला. बाबा म्हणाले, “ती जागा खेळायला मागायची नाही.” विषय संपला.

शेवटी कल्याणच्या बाजूला एका शाळेने रविवारी सहा ते सात असा तास दिला. नोव्हेंबरची थंडी, गवतावर दव. बाबा विमान धरून सोडतात आणि वर्तुळाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. विमानाच्या मागे मान फिरवत नाहीत. समोरच बघतात आणि आवाजावरून सांगतात. तिसऱ्या रविवारी मी उलटं उडवलं. उलटं झालं की हाताचं सगळं उफराटं होतं, वर म्हणजे खाली. दोन फेऱ्या झाल्या आणि वाऱ्याचा झोत आला, विमान डोक्याकडे सरकलं आणि तारा सैल पडल्या. मुठीतलं वजन गेलं. त्या अर्ध्या सेकंदात हातात काहीच नसतं.

“मागे पळ!”

मी पळाले. सहा-सात पावलं, उलटी, दवात घसरत. तारा पुन्हा ताणल्या. विमान सुलटं करून उतरवलं तेव्हा बाबा खुर्चीतून उठून उभे होते, खुर्चीच्या पाठीला धरून.

मग ते मध्यावर आले, हळूहळू, आणि हँडल मागितलं. मोटर बंदच ठेवली. मी दुसऱ्या टोकाला जाऊन विमान खांद्याएवढं उचललं, तारा ताठ होईपर्यंत मागे सरकले आणि चालायला लागले. बाबा मध्यभागी पाऊल पाऊल वळत होते, नजर विमानावर. मनगट हललं, शेपटीवरची फळी माझ्या हनुवटीशी वर-खाली झाली. “अजून जरा ओढ,” ते म्हणाले. मी ओढलं. पाऊण फेरी झाली असेल, तेवढ्यात स्टंप घेतलेली पोरं फाटकातून आत आली. सात वाजले होते.