कोठावळ्याची यादी

अकोले तालुक्यातील घाटघरला पाऊस धो धो कोसळतो. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड मात्र पुष्कळदा आभाळाकडे डोळे लावून बसते. हा भेद आलेखात दाखवावा, असे संगमनेरच्या एका मुलीने मनाशी ठरविले. आकडे वहीत होतेच. आलेख काढणारे ‘ग्नूप्लॉट’ थॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये रचले. ते विनामूल्य मिळते.

लिनक्स संगणकात असली साधने आणून देणारा एक कोठावळाच असतो. त्याचे नाव पॅकेज मॅनेजर. वस्तू सांगावी, की तो ती आणि तिला लागणारे सारे साहित्य दूरच्या भांडारातून आणून जागच्या जागी मांडतो. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने त्याची रीत मराठी पाठांतूनही समजाविली आहे. मुलीने पाठ ऐकला, पण घाईघाईने! कोठावळा म्हणाला, ‘असे पॅकेज सापडत नाही.’ तिने तीनदा मागितले. उत्तर तेच.

अखेर संकोच सोडून तिने पुण्याच्या मामेभावाला दूरध्वनी केला.

“दादा, होतच नाही रे!”

“पडद्यावरची अक्षरे जशीच्या तशी वाच.”

तिने वाचली. रोग्याने नुसते ‘दुखते’ म्हटले, तर वैद्याने तरी काय करावे?

“अगं, तो आपल्याजवळच्या यादीतच शोधतो. ती ताजी केलीस का?”

केली नव्हती. तिने तशी आज्ञा दिली, मग पुन्हा ग्नूप्लॉट मागितले. ते आले!

सायंकाळी पडद्यावर दोन रेषा उमटल्या. घाटघरची उंच चढली. जामखेडची जमिनीलगतच राहिली. तिच्याकडे मुलगी बराच वेळ पाहत होती.